ग्रामपंचायतीचे दप्तर कसे तपासायचे: नव्या सदस्यांसाठी आणि विचारणाऱ्या गावकऱ्यांसाठी

‘पैसा कथा गया?’ (पैसा कुठे गेला?) हा प्रश्न खान्देशात पारावर रोज विचारला जातो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मात्र तो क्वचितच पोहोचतो, आणि लेखी स्वरूपात तर त्याहून क्वचित. बहुतेकांना कोणता कागद मागायचा तेच ठाऊक नसते. ‘पाच वर्षांचा सगळा हिशेब द्या’ असा अर्ज केला की एक तर नकार येतो, नाही तर सातशे पानांचा गठ्ठा येतो. दोन्हींतून हाती काही लागत नाही.

हा लेख जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या नव्याने निवडून आलेल्या सदस्यांसाठी, सरपंचांसाठी आणि हिशेब समजून घेऊ पाहणाऱ्या कोणत्याही मतदारासाठी आहे. पद्धत एकच आहे. सगळे दप्तर वाचत बसू नका. एक रक्कम धरा आणि ती ज्या ज्या वहीतून जायला हवी तिथे ती सापडते का ते पाहा. साखळी जिथे तुटते, प्रश्न तिथेच विचारायचा.

लागणारे सामान

- दोनशे पानी वही आणि कॅल्क्युलेटर
- ३० मीटरचा मोजमाप टेप आणि सोबत एक माणूस
- १० रुपयांची कोर्ट फी तिकिटे, चार-पाच
- स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, किमान दोन वर्षांच्या
- इंटरनेट असलेला मोबाइल

१. आधी स्वतःची बाजू पक्की करा

सदस्य असाल तर पहिले काम म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी भरून पावती जपून ठेवणे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ नुसार मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. हिशेब विचारणाऱ्या सदस्याविरुद्ध पहिला अर्ज बहुधा याच कलमाखाली होतो.

दुसरी गोष्टही त्याच कलमातली. ग्रामपंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात तुमचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध नसावा. तुमच्या ट्रॅक्टरचे मुरूम वाहतुकीचे बिल, तुमच्या भागीदारीतल्या दुकानाचे पाइपांचे बिल, सगळे यात येते. ‘गावाचेच काम होते’ हे उत्तर तिथे चालत नाही.

सरपंच असाल तर डिजिटल सहीचे डोंगल आणि त्याचा पिन स्वतःजवळ ठेवा. ऑनलाइन पेमेंट दोघांच्या डिजिटल सह्यांनी होते, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (जुने नाव ग्रामसेवक) आणि सरपंचाची. अनेक गावांत दोन्ही डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये पडलेले असतात आणि सरपंचबाईंना फक्त ‘मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा’ असा फोन येतो. ओटीपी सांगणे म्हणजे सही करणेच आहे. पुढे वसुली निघाली की ती सही करणाऱ्याच्या नावावर निघते. प्रमाणक (व्हाउचर), बिल आणि मासिक सभेचा ठराव समोर आल्याशिवाय ओटीपी देऊ नका.

२. वर्षातली एक तारीख विसरू नका

अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा १ एप्रिलपासून दोन महिन्यांच्या आत घ्यावी लागते. त्या सभेसमोर चार गोष्टी ठेवणे बंधनकारक आहे: वार्षिक हिशेबाचे विवरण, मागच्या वर्षाच्या कारभाराचा अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम, आणि शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी व तिला दिलेली उत्तरे. चौथी गोष्ट वाचून दाखवली जाते असे गाव विरळाच.

ही सभा साधारण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे किंवा १ मे रोजी होते. सुरतेला कामाला गेलेली माणसे तेव्हा गावात असतात, त्यामुळे माणसे जमवायला हा काळ बरा. गणपूर्ती लागते एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्या दुसऱ्या सभेला पंधरा माणसे बसतात आणि वर्षाचा हिशेब दहा मिनिटांत मंजूर होतो. पहिल्या सभेला लोक आणणे हेच अर्धे लेखापरीक्षण आहे.

३. कोणती वही कशासाठी

महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखा संहिता, २०११ मध्ये नमुना १ ते ३३ ठरवून दिले आहेत. सगळे पाठ करायची गरज नाही. कामाला येतात ते एवढे:

- नमुना १: अंदाजपत्रक
- नमुना ३: वार्षिक जमाखर्च विवरण
- नमुना ५ आणि ५क: सामान्य आणि दैनिक रोकडवही
- नमुना ७ आणि १०: सामान्य पावती, कर व फीची पावती
- नमुना ८ आणि ९: कर आकारणी, कर मागणी
- नमुना १२: खर्चाचे प्रमाणक
- नमुना १५ आणि १६: संपणाऱ्या वस्तूंचा साठा, टिकणाऱ्या वस्तूंची नोंद
- नमुना २०: कामाचा अंदाज, मोजमाप आणि देयक
- नमुना २२: स्थावर मालमत्ता
- नमुना २६क आणि २६ख: जमेचे आणि खर्चाचे मासिक विवरण
- नमुना २७ आणि ३०: लेखापरीक्षणातील शकांचे विवरण, आक्षेप पूर्ततेची नोंदवही

लेखापरीक्षकाच्या भाषेत आक्षेपाला ‘शक’ म्हणतात. त्याला दिलेले उत्तर म्हणजे ‘अनुपालन’, आणि ते मान्य झाले की ‘शक वगळला’. हे तीन शब्द वापरून बोललात की समोरची खुर्ची जरा सावरून बसते.

सदस्यांसाठी सगळ्यांत सोपी सुरुवात नमुना २६ पासून होते. दर महिन्याच्या मासिक सभेत २६क आणि २६ख मागा आणि ते रोकडवहीच्या महिनाअखेरच्या शिलकेशी जुळतात का ते पाहा.

४. घरबसल्या काय दिसते

ई-ग्रामस्वराज हे केंद्र सरकारचे संकेतस्थळ एप्रिल २०२० पासून सुरू आहे. लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत असे निवडत गेलात की तिथे मंजूर आराखडा, जमा आणि खर्चाची व्हाउचरे दिसतात. त्याला जोडून असलेल्या ऑडिट-ऑनलाइन या संकेतस्थळावर वित्त आयोगाच्या निधीचे लेखापरीक्षण अहवाल मिळतात.

एका वर्षाची खर्चाची व्हाउचरे उतरवून घ्या आणि तीन खुणा करा:

- ३१ मार्चच्या आधीच्या आठवड्यात किती व्हाउचरे पडली?
- एकाच दुकानदाराच्या नावावर किती वेळा पैसे गेले?
- एकाच कामाचे ‘भाग १’, ‘भाग २’, ‘भाग ३’ असे तुकडे केले आहेत का? निविदेची मर्यादा टाळायची ही नेहमीची रीत.

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी बंधित आणि अबंधित असा येतो. २०२१-२२ पासून २०२५-२६ पर्यंत प्रमाण ६०:४० ठरलेले. बंधित भाग फक्त पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी. अबंधित भागातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. म्हणजे १० लाख आले असतील तर ६ लाखांची कामे पाणी आणि स्वच्छतेची दिसली पाहिजेत. गावाची कमान बंधित निधीत बसत नाही.

या संकेतस्थळाची मर्यादाही ध्यानात ठेवा. घरपट्टी, बाजार फी, गाळ्यांचे भाडे असे स्वतःचे उत्पन्न तिथे पुरते दिसत नाही. त्यासाठी दप्तरच लागते.

५. एक काम निवडा आणि त्याचा माग काढा

नुकतेच झालेले, मोजता येईल असे काम निवडा. सिमेंट काँक्रीटचा रस्ता त्यासाठी उत्तम, कारण तो उचलून नेता येत नाही. त्याची कागदपत्रे या क्रमाने असायला हवीत:

ग्रामसभेचा ठराव, आराखड्यातली नोंद, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा किंवा दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप वही, गुणवत्ता चाचणीचा अहवाल, आधीचे-मधले-नंतरचे फोटो, पूर्णत्वाचा दाखला, देयक, कपाती, प्रमाणक, रोकडवहीतली नोंद आणि बँकेतली नोंद.

सगळ्या तारखा एका पानावर उभ्या लिहा. तारखा उलट्या पडल्या की कागद मागाहून केले असल्याचा संशय घ्यायला जागा होते. कार्यारंभ आदेश १० फेब्रुवारीचा आणि सिमेंटचे बिल २८ जानेवारीचे, असे सर्रास सापडते. आणखी एक जागा: काँक्रीटच्या ठोकळ्यांची चाचणी ७ आणि २८ दिवसांनी होते. रस्ता १५ मार्चला ओतला आणि अंतिम देयक २८ मार्चला दिले, तरी त्याला २८ दिवसांचा अहवाल जोडलेला असेल, तर तो अहवाल कोणत्या रस्त्याचा, हे विचारा.

आता टेप काढा. समजा मोजमाप वहीत लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी १५ सेंटिमीटर आहे:

१०० × ३ × ०.१५ = ४५ घनमीटर.

एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ गोण्या सिमेंट लागते, म्हणजे सुमारे ३६० गोण्या. रस्त्याच्या कडेची माती जरा बाजूला केली की थराची जाडी दिसते. ती १० सेंटिमीटरच भरली तर काँक्रीट ३० घनमीटर आणि गोण्या २४०. पाच सेंटिमीटरमध्ये १२० गोण्या गेल्या. लांबी-रुंदी कुणीही मोजतो म्हणून ती बहुतेक बरोबर असते. चोरी जाडीत असते.

एकाच जागी मोजून आरोप करू नका. दोन्ही कडांना किमान सहा ठिकाणी मोजा आणि सरासरी लिहा. अंदाजपत्रकात खालचा खडीचा किंवा मुरुमाचा थर वेगळा धरलेला असतो, तो काँक्रीटमध्ये मिसळू नका. इथेच नवखे लोक चुकतात, आणि एक चूक झाली की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांनाही कुणी विचारत नाही. रस्ता स्वतः खोदू नका. जाडीबद्दल शंका असेल तर गाभा (कोअर, म्हणजे थराचा आरपार नमुना) काढून तपासणीची लेखी मागणी करा.

देयकातल्या कपाती पाहा. आयकराची कपात ठेकेदार व्यक्ती असल्यास १ टक्का, संस्था असल्यास २ टक्के. अडीच लाखांवरच्या करारात जीएसटीची २ टक्के कपात. बांधकामावर कामगार उपकर १ टक्का. शिवाय मुरूम-खडीचे स्वामित्वधन (रॉयल्टी). कापले असेल तर भरल्याचे चलन मागा. कापले पण भरले नाही, हा वेगळा आणि जास्त गंभीर शक आहे.

दरपत्रके तीन असली तरी तिन्हींत एकच शुद्धलेखनाची चूक, एकच टाइप किंवा एकच मोबाइल क्रमांक आहे का ते बघा. दुकानदाराचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते फुकट कळते.

६. जमेची बाजू

लोक खर्चाकडे बघतात. वसुलीकडे कुणाचे लक्ष नसते, आणि रोख पैसा तर तिथेच हाताळला जातो.

नमुना ९ ची बेरीज करा. समजा मागची थकबाकी १,८४,६०० रुपये आणि चालू मागणी २,३६,४०० रुपये, मिळून ४,२१,००० रुपये. वसुली २,६७,५०० झाली, तर बाकी १,५३,५०० रुपये. पुढच्या वर्षाच्या वहीत सुरुवातीची थकबाकी हाच आकडा हवा. तिथे १,३१,००० लिहिले असेल तर २२,५०० रुपये कुठे गेले? एक तर ते मंजुरीने निर्लेखित केले, म्हणजे वसूल होणार नाही म्हणून वहीतून काढले, मग मंजुरीचा आदेश दाखवा. नाही तर पावती दिली आणि जमा धरली नाही.

हे पक्के करायला शेजाऱ्यांच्या दहा पावत्या घ्या. प्रत्येकीचा पुस्तक क्रमांक, पावती क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहा आणि कार्यालयातल्या दुसऱ्या प्रतीशी, दैनिक रोकडवहीशी आणि बँकेत भरणा केल्याच्या चलनाशी जुळवा. वसुली बँकेत न भरता परस्पर खर्च करणे हा अहवालात वारंवार दिसणारा शक आहे. मार्चमध्ये वसूल केलेली रक्कम जूनमध्ये बँकेत भरली, तर पैसे पूर्ण असले तरी मधल्या काळात ते कुणी वापरले हा प्रश्न उरतोच. पावती पुस्तकांचा साठा स्वतंत्र नोंदलेला असतो. किती पुस्तके आली, किती वापरली, कोरी किती, ते मोजा. एक पुस्तक कमी असणे म्हणजे कागद हरवणे नव्हे.

आठवडे बाजाराचा लिलाव, गाळ्यांचे भाडे, यात्रेच्या वेळची जागा-फी हीही जमेची साधने. यात्रेचे गाव असेल तर त्या पंधरवड्याची सगळी पावती पुस्तके वेगळी काढून बघा.

बँकेचा ताळमेळ शेवटी. पहिल्यांदा ग्रामपंचायतीच्या सगळ्या खात्यांची यादी मागा: ग्रामनिधी, पाणीपुरवठा, वित्त आयोग आणि विसरली गेलेली जुनी खाती. मग प्रत्येक खात्याची ३१ मार्चची शिल्लक. पासबुकात ३,६१,००० आणि रोकडवहीत ३,१२,४०० असेल तर ४८,६०० चा फरक लगेच घोटाळा ठरत नाही. ४६,५०० चा धनादेश वटायचा राहिला आणि २,१०० व्याज वहीत घ्यायचे राहिले, की हिशेब जुळला. मात्र तोच धनादेश सहा महिन्यांनीही ‘वटायचा बाकी’ दिसत असेल तर ताळमेळ नुसता कागदावर बसवलेला आहे. धनादेश तीन महिन्यांनी मुदतबाह्य होतो.

७. किरकोळ खरेदी

टीसीएल पावडर, मोटार दुरुस्ती, एलईडी दिवे: रकमा लहान, बिले भरपूर.

पाणी शुद्ध करायला १,००० लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल लागते. ५०,००० लिटरची टाकी रोज एकदा भरत असेल तर रोज २५० ग्रॅम, वर्षाला सुमारे ९१ किलो, म्हणजे २५ किलोच्या चार गोण्याही पुरे लागत नाहीत. वर्षात बारा गोण्यांची बिले असतील तर नमुना १५ मध्ये जमा-वापर-शिल्लक बघा आणि पाणी सोडणाऱ्याला विचारा. टाकी दोनदा भरत असेल तर आकडा दुप्पट होईल, तेवढे धरूनच बोला.

उन्हाळ्यात मोटार जळणे आपल्याकडे नवे नाही. पण एकाच पंपाची मोटार एप्रिल ते जून पाच वेळा रिवाइंडिंग झाली असेल तर बिलावर अश्वशक्ती आणि मोटारीचा क्रमांक आहे का, काढलेली तांब्याची तार कुठे गेली आणि त्या दिवशी गावाला पाणी खरेच बंद होते का, हे तीन प्रश्न पुरतात. दिव्यांची नोंद नमुना १६ मध्ये खांब क्रमांकासह हवी. रात्री एक फेरी मारा आणि मोजा.

स्वउत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च अपेक्षित असतो. स्वउत्पन्न ५ लाख असेल तर अनुक्रमे ७५,०००, ५०,००० आणि २५,००० रुपये. नमुना २८ मध्ये पहिल्या दोन्हींचे विवरण मिळते.

८. पेसा गाव असेल तर

पेसा म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा कायदा. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर, तसेच शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांतली अनुसूचित क्षेत्रातली गावे यात येतात. आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के अबंध निधीचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो आणि तो खर्च ग्रामसभेने ठरवायचा असतो. ग्रामसभा कोष समितीच्या खात्याचे पासबुक मागा. पाडे दूरदूर असतात, म्हणून खर्च कोणत्या पाड्यावर झाला ते पाड्यानिहाय लिहून घ्या. एकाच पाड्याची हातपंप दुरुस्ती ग्रामनिधीतूनही आणि अबंध निधीतूनही दाखवलेली असू शकते. दोन्ही प्रमाणके शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही.

९. माहितीचा अर्ज

सदस्यांनी आधी मासिक सभेत लेखी मागावे. बाकीच्यांनी माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, म्हणजे जोडपत्र ‘अ’ भरावे, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत हवा. प्रतीला पानामागे २ रुपये. मजकूर असा ठेवा:

“विषय: वॉर्ड क्र. … मधील सिमेंट काँक्रीट रस्ता. कालावधी: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. तपशील: सदर कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप वहीची संबंधित पाने, गुणवत्ता चाचणी अहवाल, देयक, प्रमाणक आणि रोकडवहीचे संबंधित पान यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. प्रती देण्यापूर्वी मूळ अभिलेखाचे अवलोकन करू द्यावे.”

शेवटचे वाक्य महत्त्वाचे. अवलोकनाला पहिल्या तासाची फी नाही, आणि मूळ वही हातात घेतल्यावर खाडाखोड, वेगळी शाई, चिकटवलेले पान, मधेच सोडलेली कोरी जागा दिसते. झेरॉक्समध्ये यातले काही दिसत नाही.

‘का’ ने सुरू होणारे प्रश्न अर्जात लिहू नका. ‘रस्ता निकृष्ट का केला?’ याला ‘माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ एवढे उत्तर येते. कागद मागा.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचे तिकीट. तिथेही निभले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरे अपील. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

‘दप्तर मिळून येत नाही’ असे उत्तर आले तर लगेच दुसरा अर्ज करा: मागच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने बदलीच्या वेळी दिलेल्या प्रभार यादीची प्रत. यादीत ती वही असेल तर घेणाऱ्याने उत्तर द्यायचे, नसेल तर देणाऱ्याने. सरकारी अभिलेख जपण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे, त्याचा उल्लेख अपिलात करा.

१०. लेखापरीक्षण अहवाल कसा वाचायचा

ग्रामपंचायतीचे लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक संचालकांचे कार्यालय असते. ग्रामपंचायतीत अहवाल मिळाला नाही तर तिथे अर्ज करता येतो.

अहवालाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी शेवटी जोडलेले तक्ते काढा: वसूलपात्र रकमांचा आणि आक्षेपाधीन रकमांचा. फरक नीट समजून घ्या. आक्षेपाधीन म्हणजे कागद अपुरा आहे, तो आणून दिला तर शक वगळला जाऊ शकतो. वसूलपात्र म्हणजे पैसे परत भरायला लागणार. आक्षेपाधीन रकमेलाच ‘भ्रष्टाचार’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवणारे दुसऱ्या दिवशी तोंडघशी पडतात.

मग ‘दप्तर तपासणीस उपलब्ध करून दिले नाही’ हे वाक्य शोधा. ते दिसायला साधे आणि खरे तर सगळ्यांत वजनदार, कारण जे तपासलेच गेले नाही त्याची रक्कम कुठल्याच तक्त्यात येत नाही.

नंतर मागचे दोन अहवाल शेजारी ठेवा. तोच शक तीन वर्षे येतो आहे का? अनुपालनात दरवेळी ‘यापुढे दक्षता घेऊ’ एवढेच आहे का? नमुना ३० मध्ये शक वगळल्याची नोंद असेल तर ज्या पत्राने वगळला त्याचा क्रमांक आणि तारीख मागा.

११. ग्रामसभेत

प्रश्न तोंडी विचारला तर गोंगाटात जातो. सभेच्या दोन-तीन दिवस आधी लेखी द्या, पोच घ्या, तीनपेक्षा जास्त प्रश्न देऊ नका. रक्कम, प्रमाणक क्रमांक आणि तारीख लिहा: ‘प्रमाणक क्र. ४७, १८ मार्च, ६४,००० रुपये, या साहित्याची साठा नोंद कोणत्या पानावर आहे?’ अशा प्रश्नाला भाषण करून उत्तर देता येत नाही.

सभा संपताना ठराव वाचून दाखवायला सांगा. मगच सही करा आणि सहीच्या वर कोरी जागा असेल तर आडवी रेघ मारून घ्या. इतिवृत्ताच्या पानाचा फोटो काढून ठेवा. घरोघरी फिरवलेल्या हजेरी वहीवर सही करू नका, ‘फक्त हजेरीसाठी’ म्हटले तरी. महिला सभा ग्रामसभेच्या आधी होते. पाण्याचे आणि टीसीएलचे प्रश्न तिथे जास्त नेमके विचारले जातात, कारण नळाला पाणी किती दिवस आले नाही याची नोंद बायकांच्या डोक्यात असते.

१२. तक्रार करायची झाली तर

पहिली तक्रार पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे. चौकशी बहुधा विस्तार अधिकारी (पंचायत) करतात. त्यावर हालचाल नसेल तर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि उपमुख्य कार्यकारी अधिकारी (ग्रामपंचायत). सरपंच किंवा सदस्याला गैरवर्तनासाठी काढण्याची कारवाई कलम ३९ खाली, ती नाशिकच्या विभागीय आयुक्तांपर्यंत जाते. ग्रामपंचायतीच्या पैशाचे नुकसान, अपव्यय किंवा गैरवापर झाल्यास जबाबदारी कलम १७८ खाली ठरते. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो.

तक्रार दोन पानांत बसवा. पहिल्या पानावर तारखांचा तक्ता, दुसऱ्यावर रकमांचा. प्रत्येक ओळीसमोर जोडलेल्या कागदाचा क्रमांक. ‘सर्व कारभाराची सखोल चौकशी व्हावी’ असे लिहिले की चौकशी अधिकारी सर्व काही बघतो आणि अहवालात काहीच ठोस येत नाही. एक रस्ता, एक वर्ष, एक पावती पुस्तक, एवढेच लिहा. चौकशीच्या दिवशी स्वतः हजर राहा, जबाबाची प्रत मागा, आणि मोजणी तुमच्यासमोर झाली असेल तर पंचनाम्यावर आकडे अक्षरांत लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.